लेखी प्रश्नाचे सामर्थ्य

तमिळ भाषेत 'केळ्' असा एक धातू आहे. त्याचा एक अर्थ विचारणे आणि दुसरा अर्थ ऐकणे. नोकरीच्या निमित्ताने चेन्नईत येऊन राहिलेल्या मराठी माणसाला आरंभी याचे नवल वाटते. बाजारात भाव विचारणारा आणि देवळात पुराण ऐकणारा, या दोघांची क्रिया एकाच शब्दाने कशी सांगावयाची? परंतु ती भाषा कानी रुळली म्हणजे यातील शहाणपण ध्यानात येते. जो ऐकावयास तयार नाही त्याने विचारण्यात अर्थ नाही, आणि जेथे विचारले जात नाही तेथे ऐकले जाण्याचीही आशा नाही. याच धातूपासून 'केळ्वि' हा शब्द आला. त्याचा अर्थ प्रश्न.

आज ज्या विषयासंबंधी चार शब्द सांगावयाचे आहेत, तो या केळ्वीचाच एक शासकीय प्रकार आहे. लोकांनी निवडून दिलेला प्रतिनिधी सरकारी खात्यास लेखी प्रश्न विचारतो आणि त्या खात्यास लेखी उत्तर द्यावे लागते. वर्तमानपत्रांत सभात्यागाची बातमी मोठ्या अक्षरांत येते. लेखी उत्तरांची बातमी आलीच तर आतल्या पानावर, चार ओळींत. तरीही सरकारी कचेरीच्या आतून हा व्यवहार पाहिलेल्या माणसास विचाराल तर तो सांगेल, की खात्याला जाग आणण्याचे काम गर्जनेपेक्षा कागदावरचा चार ओळींचा प्रश्न अनेकदा अधिक निश्चितपणे करतो.

चेन्नईच्या समुद्रकाठी सेंट जॉर्जचा किल्ला आहे. ईस्ट इंडिया कंपनीने तो १६४० च्या सुमारास बांधावयास घेतला. आज तमिळनाडूची विधानसभा याच किल्ल्यात भरते आणि राज्याचे सचिवालयही याच किल्ल्यात आहे. विचारणारे आणि उत्तर देणारे एकाच तटबंदीच्या आत बसतात. मात्र या दोघांमध्ये प्रश्नोत्तराचा पूल पडावयास फार काळ जावा लागला, आणि त्या काळाचा आरंभ याच शहरातून सांगता येतो.

१८५२ साली मद्रासेत, म्हणजे १९९६ पासून जिला आपण चेन्नई म्हणतो त्या नगरीत, मद्रास नेटिव्ह असोसिएशन ही संस्था स्थापन झाली. गाजुल लक्ष्मीनरसू चेट्टी हे तिचे अग्रणी. रयतेकडून सारा वसूल करताना सरकारी नोकर तिचा शारीरिक छळ करतात, हे तिचे एक मोठे गाऱ्हाणे होते. परंतु ते मांडावे कोठे? मद्रासेत लोकांचा एकही प्रतिनिधी राज्यकर्त्यांस जाब विचारावयास बसलेला नव्हता. म्हणून असोसिएशनने आपले अर्ज थेट इंग्लंडच्या पार्लमेंटाकडे पाठविले. डॅन्बी सीमोर नावाचे पार्लमेंटाचे एक सभासद १८५३ साली स्वतः मद्रास इलाख्यात येऊन रयतेची स्थिती पाहून गेले, आणि १८५४ साली त्यांनी कॉमन्स सभेत छळाचा हा विषय उघडपणे काढला. परिणामी मद्रास सरकारला चौकशी आयोग नेमावा लागला. त्याचा अहवाल १८५५ मध्ये प्रसिद्ध झाला आणि साऱ्याच्या वसुलीसाठी छळ होतो ही गोष्ट सरकारी कागदावर कबूल करण्यात आली. दोषाचे खापर मात्र कनिष्ठ देशी नोकरांच्या माथी फुटले. गोरे अधिकारी निर्दोष ठरले. उत्तर अर्धेच मिळाले. पण अर्धे उत्तर मिळविण्यासाठीसुद्धा प्रश्नाला समुद्र ओलांडून जावे लागले, हे आपण विसरता कामा नये.

हिंदुस्थानातील कायदेमंडळांत प्रश्न विचारण्याचा अधिकार सभासदांस मिळाला तो १८९२ च्या कायद्याने. पहिला प्रश्न वरिष्ठ कायदेमंडळात १८९३ च्या फेब्रुवारीत भिंग्याच्या राजेसाहेबांनी विचारला, आणि तो फार बोलका आहे. दौऱ्यावर निघालेल्या अंमलदारांच्या सरबराईसाठी जी रसद पुरवावी लागते तिच्यापायी गावोगावच्या दुकानदारांना होणारा जाच, हा त्याचा विषय होता. म्हणजे आपल्या देशातील पहिलाच प्रश्न थेट साहेबाच्या तंबूपर्यंत जाऊन भिडला!

त्या वेळी हा अधिकार अगदी बांधलेल्या हातांनी दिलेला होता. मिळालेल्या उत्तरावर चर्चा करावयाची नाही, त्यातून उद्भवणारा दुसरा प्रश्न विचारावयाचा नाही, असा निर्बंध होता. १९०९ च्या सुधारणांनी मूळ प्रश्नकर्त्यास उपप्रश्न विचारण्याची मुभा दिली आणि १९१९ च्या कायद्यानंतर ती इतर सभासदांसही मिळाली. स्वातंत्र्यानंतर तर सारे नातेच बदलले. मंत्रिमंडळ विधानसभेस सामुदायिकरीत्या जबाबदार राहील, असे आपल्या राज्यघटनेचे १६४ वे कलम सांगते. जो जबाबदार आहे त्यास जाब विचारणे हा उद्धटपणा नव्हे. तो घटनेचा नित्याचा व्यवहार आहे.

आता या प्रश्नांचे दोन मुख्य प्रकार पाहू. ज्यास सभागृहात तोंडी उत्तर हवे तो तारांकित प्रश्न आणि ज्यास लेखी उत्तर पुरे तो अतारांकित. हा तारा मूळचा विलायतेचा. कॉमन्स सभेत प्रश्नांची गर्दी झाली तेव्हा १९०२ साली असे ठरले, की ज्यास तोंडी उत्तर हवे त्या सभासदाने प्रश्नावर ताऱ्याची खूण करावी. बाकीच्यांस छापील उत्तर मिळेल. आपल्या लोकसभेत एका दिवसासाठी वीस तारांकित आणि दोनशे तीस अतारांकित प्रश्न घेतले जातात. वीस तारांकितांपैकी तासाभरात प्रत्यक्ष पुकारले जातात ते थोडेच. उरलेल्यांची उत्तरेही लेखीच पटलावर ठेवली जातात. गोंधळामुळे प्रश्नोत्तराचा तास वाहून गेला तरी लेखी उत्तरे वाहून जात नाहीत. राज्यांच्या विधानमंडळांचे नियम तपशिलात निराळे असले तरी सर्वत्र सांगाडा हाच आहे.

तारांकित प्रश्नाला उपप्रश्नांची धार असते हे खरे. मंत्र्यांची परीक्षा तेथे होते. परंतु खात्याची परीक्षा होते ती लेखी प्रश्नात. अमुक जिल्ह्यात शिक्षकांच्या जागा किती रिकाम्या, अमुक धरणावर आजवर खर्च किती, अमुक वर्षात किती अर्ज आले आणि किती निकालात निघाले, असल्या गोष्टी मंत्र्यांना तोंडपाठ असण्याची अपेक्षा कोणी करीत नाही. त्या कोठेतरी दप्तरात असतात, किंवा असावयास हव्यात. लेखी प्रश्न त्या दप्तराची गाठ सोडतो.

प्रश्न सभाध्यक्षांनी स्वीकारला म्हणजे तो संबंधित खात्याकडे येतो. लोकसभेत त्यासाठी किमान पंधरा दिवसांची सूचना लागते. खात्यात तो ज्या कारकुनाच्या मेजावर पडतो तेथे इतर कागद मागे सरतात, कारण या कागदाला तारीख असते आणि ती तारीख खात्याच्या हातची नसते. जिल्ह्यांकडे तारा-दूरध्वनी जात, आता संगणकावरून संदेश जातात. पण धावपळ तीच. आलेल्या माहितीचा मेळ घालावयाचा, तिच्यावरून मसुदा तयार करावयाचा, तो अवर सचिव, उपसचिव, सचिव अशा पायऱ्या चढून मंत्र्यांपर्यंत न्यावयाचा. या प्रत्येक पायरीवर कोणी ना कोणी विचारतो, "हे असे का?" सभागृहात पोहोचण्यापूर्वीच प्रश्नाने आपले अर्धे काम केलेले असते. सहा महिने न हललेला आदेश प्रश्न आल्याच्या आठवड्यात निघाल्याची उदाहरणे कोणत्याही सचिवालयात सापडतील. उत्तरात मग आपण लिहितो, "आदेश निर्गमित करण्यात आले आहेत." केव्हा, ते कोणी विचारले तरच सांगतो.

महाराष्ट्रातील श्रोत्यांना या प्रश्नोत्तरांची एक ठरीव भाषा परिचित असेल. "अमुक गोष्ट घडली, हे खरे आहे काय? असल्यास, कोणती कारवाई केली? नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत?" आणि त्याखाली उत्तरे: "अंशतः खरे आहे." "प्रकरण विचाराधीन आहे." "प्रश्न उद्भवत नाही." ही भाषा आम्हीच घडविलेली आहे, आणि तिचे दोन उपयोग आहेत. ती नेमकेपणासाठी वापरता येते, तशी लपण्यासाठीही वापरता येते. याविषयी माझ्या स्वतःच्या नोकरीतील एक प्रसंग सांगणे मला प्राप्त आहे.

नोकरीची पहिली काही वर्षे होती. पिण्याच्या पाण्यासंबंधी एका सदस्याचा अतारांकित प्रश्न आमच्या शाखेकडे आला. एका गावाच्या कडेच्या दलित वस्तीस योजनेचे पाणी मिळते काय, असा त्याचा आशय. मी मसुदा लिहिला: योजना पूर्ण झाली आहे, टाकी बांधली आहे, वस्तीत दोन सार्वजनिक नळ बसविले आहेत. सोबत खर्चाचा आकडा दिला. आमचे शाखाधिकारी वयाने माझ्या वडिलांएवढे. मसुदा वाचून ते एवढेच म्हणाले, "सार, त्यांनी पाणी येते का विचारले आहे. आपण नळ आहे म्हणून सांगतो आहोत." मुदतीला दोन दिवस उरले होते. जिल्ह्याच्या अहवालात होते तेवढेच लिहिले आहे, असे म्हणून मी मसुदा वर पाठविला. तो मंजूर झाला, पटलावर ठेवला गेला, छापला गेला.

पुढे काही महिन्यांनी दुसऱ्याच कामासाठी त्या बाजूस गेलो असता मी वाट वाकडी करून ती वस्ती पाहिली. टाकी होती, नळही होते. एका नळाच्या खांबाला शेळी बांधलेली होती. वस्तीतील बायका अर्ध्या कोसावरच्या विहिरीवरून घागरी आणीत होत्या. एका वृद्ध बाईने मला विचारले, की पाणी आल्याचे सरकारने लिहून दिले आहे म्हणतात, ते खरे का? माझ्या उत्तरातील एकही शब्द खोटा नव्हता. आणि तरी ते उत्तर खोटे होते.

पुढल्या अधिवेशनात त्याच सदस्याने पुन्हा प्रश्न पाठविला. या खेपेस त्यांनी शब्द बदलले होते. "सदर नळांना गेल्या तीन महिन्यांत किती दिवस पाणी आले?" या प्रश्नाला टाकीचे वर्णन करून सुटका नव्हती. कोणीतरी तेथे जाऊन मोजल्यावाचून उत्तर देताच येत नव्हते. मोजणी झाली, आणि उत्तर लिहिण्यापूर्वी पंपाची दुरुस्तीही झाली. चांगला प्रश्न कसा असावा हे मी नियमांच्या पुस्तकापेक्षा त्या एका वाक्यावरून अधिक शिकलो. नियम सांगतात, की प्रश्नात वाद, अनुमान, उपरोध नसावा, विशेषणे नसावीत, मत विचारू नये. हे बंधन वाटते. वस्तुतः ते प्रश्नाचे बळ आहे. रागाने विचारलेल्या प्रश्नाला शब्दांनी उत्तर देता येते. "किती दिवस?" याला आकडाच द्यावा लागतो.

प्रश्नाचे आणखी एक कार्य आहे, ते म्हणजे नोंद. १९२० नंतरच्या मद्रास विधान परिषदेत एम. सी. राजा, आर. श्रीनिवासन, आर. वीरय्यन हे अस्पृश्य समाजातील सदस्य बसू लागले. हाताच्या बोटांवर मोजण्याइतके, त्यामुळे मतांच्या बळावर ते काही घडवून आणू शकत नव्हते. परंतु सार्वजनिक रस्ता, विहीर, शाळा यांची दारे आपल्या लोकांना बंद कशी राहतात, हे ते प्रश्नाच्या रूपाने विचारीत. "अमुक ठिकाणी अमुक घडले हे सरकारला ठाऊक आहे काय?" असा प्रश्न छापला गेला, की ठिकाणासह ती हकीकत सरकारच्याच इतिवृत्तात कायमची नोंदली जाते. "माहिती नाही" हे उत्तर त्यानंतर दुसऱ्यांदा देता येत नाही. १९२४ साली श्रीनिवासन यांचा सार्वजनिक रस्ते व विहिरी सर्वांस मोकळ्या असल्याचा ठराव त्या परिषदेने संमत केला. इकडे मुंबई इलाख्यात त्याच आशयाचा रावबहादुर बोले यांचा ठराव १९२३ चा, आणि त्याच्या पुढची महाडची कथा मराठी श्रोत्यांस सांगावयास नको. ठराव कागदावर राहतो की रस्त्यावर उतरतो, हे पुन्हा विचारीत राहावे लागते.

स्वतंत्र भारतातील सर्वांत गाजलेले उदाहरणही एका अर्थी चेन्नईशी जोडलेले आहे. नव्याने स्थापन झालेल्या आयुर्विमा महामंडळाने १९५७ साली हरिदास मुंध्रा या उद्योगपतीच्या सहा कंपन्यांचे सुमारे सव्वा कोटी रुपयांचे भाग खरेदी केले. लोकसभेत या खरेदीविषयी प्रश्न विचारले गेले. मिळालेल्या उत्तरांनी समाधान झाले नाही, आणि १६ डिसेंबर १९५७ रोजी फिरोज गांधींनी हा विषय सभागृहापुढे सविस्तर मांडला. ते सत्ताधारी पक्षाचे सदस्य आणि पंतप्रधानांचे जावई; पण प्रश्न विचारताना त्यांनी बाक पाहिले नाही. मुंबईचे मुख्य न्यायमूर्ती छागला यांच्या एकसदस्य आयोगाने मुंबईत उघड चौकशी केली. सचिवाने केलेल्या कृतीची घटनात्मक जबाबदारी मंत्र्यास झटकता येत नाही, असा निर्वाळा छागलांनी दिला, आणि १९५८ च्या फेब्रुवारीत अर्थमंत्री टी. टी. कृष्णम्माचारी यांनी राजीनामा दिला. कृष्णम्माचारी मद्रासचे, कर्तबगार मंत्री म्हणून त्यांचा लौकिक होता. कर्तबगारी हे उत्तर न देण्याचे कारण होऊ शकत नाही, एवढाच त्या प्रकरणाचा धडा.

परंतु प्रत्येक प्रश्नाच्या पाठीशी फिरोज गांधी नसतो. म्हणून आश्वासन समितीसारख्या संस्थेची आवश्यकता असते. लोकसभेत ती १९५३ च्या डिसेंबरात स्थापन झाली. "विचार चालू आहे", "माहिती गोळा करून पटलावर ठेवण्यात येईल", असली वाक्ये मंत्र्यांनी उच्चारली, की ही समिती ती आश्वासने म्हणून टिपून घेते. अशा शब्दप्रयोगांची यादीच ठरलेली आहे. आश्वासन तीन महिन्यांत पुरे करावयाचे. न झाल्यास मुदत मागावयाची, तीही कारण देऊन. राज्यांतही अशा समित्या आहेत. ज्या वाक्याआड आम्ही अधिकारी निवांत बसतो, त्याच वाक्याला हिशेबाच्या वहीत बसविण्याची ही युक्ती मोठी मार्मिक आहे. तसेच, दिलेले उत्तर चुकीचे होते असे आढळल्यास मंत्र्यांनी निवेदन करून ते दुरुस्त करावे, अशीही वाट आहे. ती वापरावयास लाज वाटू नये. लाज चूक दडविण्यात आहे.

या साधनाच्या मर्यादाही सांगितल्या पाहिजेत. २०२० च्या सप्टेंबरात, महामारीच्या काळात, संसदेचे अधिवेशन प्रश्नोत्तराच्या तासाविना भरले. लेखी प्रश्न तेवढे चालू राहिले. टाळेबंदीत गावाकडे पायी निघालेले किती स्थलांतरित मजूर वाटेत मरण पावले, असा एक प्रश्न होता. अशी आकडेवारी ठेवलेली नाही, असे श्रम मंत्रालयाने १४ सप्टेंबर रोजी लेखी उत्तर दिले. आणि भरपाईविषयीच्या भागाला उत्तर होते, की वरील कारणास्तव प्रश्न उद्भवत नाही. तोंडी उपप्रश्न विचारण्याची सोय नव्हती. लेखी प्रश्नाची दुबळी बाजू येथे स्पष्ट दिसते: दप्तरात जे नोंदलेच नाही ते तो बाहेर काढू शकत नाही. तरीही ते उत्तर व्यर्थ गेले असे मला वाटत नाही. आपण मोजले नाही, हे सरकारला तारखेनिशी लिहून द्यावे लागले. पुढच्या संकटात मोजणी का करावी, याचे कारण त्या एका ओळीत कायमचे लिहिलेले आहे.

श्रोत्यांपैकी पुष्कळांना वाटेल, की हा आमदार-खासदार आणि सचिवालय यांच्यामधला मामला. आमचा यात संबंध काय? संबंध असा, की प्रश्न सभागृहात जन्मत नाही. तो एखाद्या कोरड्या नळापाशी, शिक्षक नसलेल्या शाळेत, बंद दवाखान्याच्या ओट्यावर जन्मतो. आपल्या प्रतिनिधीला नुसते "पाण्याचे काहीतरी बघा" असे न सांगता, कोणत्या वस्तीत, कोणत्या महिन्यात, किती दिवस, हे जो लिहून देतो, तो निम्मा प्रश्न तयार करून देतो. उत्तर आल्यावर ते वाचणे आणि वस्तीतील वस्तुस्थितीशी ताडून पाहणे, हे उरलेले अर्धे काम. ही उत्तरे छापली जातात ती वाचली जावीत म्हणून.

आणि जे माझ्यासारखे उत्तर लिहिण्याच्या बाजूस बसलेले आहेत त्यांच्यासाठी, शाखाधिकाऱ्यांनी त्या दिवशी सांगितले त्याहून अधिक मला काही सांगावयाचे नाही. ते गृहस्थ केव्हाच निवृत्त झाले. आजही एखाद्या प्रश्नाचा मसुदा माझ्यापुढे येतो तेव्हा सही करण्यापूर्वी मी मूळ प्रश्न पुन्हा एकदा वाचतो, आणि त्यांनी नेमके काय विचारले आहे ते आधी ऐकण्याचा प्रयत्न करतो.